हात जिथे पडतील, तिथे हँडल

विलासच्या बायकोचा, मंगलावहिनींचा फोन आला तेव्हा मी त्र्यंबक रोडवरच्या पेट्रोल पंपावर मागच्या चाकात हवा भरून घेत होतो. रविवार होता, उन्हं नुकतीच रस्त्यावर उतरली होती. "भाऊजी, या. घाई करू नका, सावकाश या. पण या," एवढंच त्या म्हणाल्या. गेल्या वर्षभरात त्यांचा प्रत्येक फोन घाईचा होता. कफ अडकलाय, लवकर या. श्वासाचं मशीन वाजतंय, लवकर या. त्यामुळे ते 'घाई करू नका' ऐकलं आणि पुढचं काही विचारायची गरज राहिली नाही. पंपावरच्या माणसाने विचारलं, "साहेब, पुढचं पण बघायचं ना?" मी हो म्हणालो. पुढच्या चाकातही हवा भरून घेतली, व्हॉल्व्हची टोपी घट्ट बसवली आणि मग निघालो. विलासकडे जाताना मी आयुष्यात पहिल्यांदा सावकाश गाडी चालवली असेल.

त्याला जाऊन आता महिना उलटून गेला. कुणी गेलं की करायच्या कामांची यादी मोठी असते आणि तशा कामांना मी उपयोगी माणूस आहे. दाखले, बँक, पेन्शनचे कागद, भाड्याने आणलेला पलंग आणि मशीन परत करणं, सगळं क्रमाने झालं. आता यादीत काही उरलं नाही. म्हणून हे लिहायला बसलो आहे.

सातपूरच्या ज्या कारखान्यात आम्ही दोघे उमेदीत लागलो, तिथे विलास टूलरूमला होता आणि मी प्लॅनिंगला. टूलरूममध्ये साचे आणि हत्यारं घडतात. प्लॅनिंगमध्ये माझ्यासारखे लोक बसतात, जे कोणतं काम कधी, कुठे आणि कुणी करायचं याच्या याद्या करतात. त्याने मला नावाने फारशी हाक मारलीच नाही. "काय प्लॅनिंग, आज चहा कुठं लिहिलाय?" अशी त्याची सुरुवात असायची. उंच, हाडाने रुंद, हात तर असे की चहाचा ग्लास त्यात दिसेनासा व्हायचा. एकदा प्रेसच्या लायनीवर एका कामगाराची कंबर सारखी धरत होती. सुपरवायझर म्हणाला, माणूस बदला. विलास तिथे जाऊन नुसता उभा राहिला, त्या माणसाला काम करताना बघितलं आणि दुसऱ्या दिवशी टेबलाच्या चारही पायांखाली लोखंडी ठोकळे बसवून टाकले. सुपरवायझर चिडला, "विलासराव, कुणाला विचारून केलंत?" तर हा म्हणाला, "त्याच्या कमरेला विचारलं." माणूस वाकवायचा नाही, मशीन उचलायचं, हा त्याचा नियम होता. माणसाला त्रास होतोय म्हणजे यंत्र त्याच्या मापाचं नाही, यावर त्याचा इतका विश्वास होता की त्याच्या सहवासात आम्हा सगळ्यांचाच बसला होता. स्वतःच्या घरचा ओटासुद्धा त्याने फोडून वहिनींच्या मापाने पुन्हा बांधून घेतला होता. वहिनी म्हणायच्या, "लग्नात माझं माप घेतलं नव्हतं एवढं ओट्यासाठी घेतलं."

तो मूळचा नामपूरचा, बागलाणातला. आई-वडील गेल्यावर गावात थोरली बहीण उरली होती, आक्का. नवरा लवकर गेल्याने ती माहेरीच राहून शेती बघायची. महिन्यातून एकदा विलास तिला भेटायला जायचा आणि मी त्याच्याबरोबर. दोघांच्या दोन मोटरसायकली. एसटी होती, पुढे दोघांकडे चारचाकी पण आल्या, तरी नामपूरला जायचं ते मोटरसायकलवरच. ओझर, पिंपळगाव, सोग्रस फाट्याला वळायचं, भावडबारीचा घाट, देवळा, सटाणा आणि मग नामपूर. तो पुढे, मी मागे. हे कधी ठरवलेलं नव्हतं. माझी गाडी त्याच्यापेक्षा लहान होती आणि मला रस्ता बघण्यापेक्षा वेळ बघायची सवय. त्यामुळे इतक्या वर्षांत विलासचा चेहरा मी जितका पाहिला, त्याहून त्याची पाठ जास्त पाहिली. ती पाठ मला अजून गर्दीत ओळखता येईल.

पहिल्या काही वर्षांत एक त्रास दोघांनाही होता. सटाणा येईपर्यंत हाताची बोटं बधिर व्हायची. खांदे भरून यायचे, मनगटं दुखायची. मी ते वयावर टाकलं. विलासने टाकलं नाही. एका रविवारी त्याने मला माझ्याच गाडीवर बसवलं, गाडी डबल स्टँडवर. म्हणाला, "पाठ ताठ कर. डोळे मिट. आता दोन्ही हात वर उचल आणि सोड. बघू नको. जिथं पडायचे तिथं पडू दे." मी हात सोडले. ते हँडलच्या बरेच अलीकडे, हवेत थांबले. "बघ," तो म्हणाला, "कंपनीनं हँडल तिकडं ठेवलंय आणि तुझे हात इकडं मागतायत. मधलं अंतर तू तुझ्या मनगटानं भरतोयस, येड्या. रोज. फुकट."

मग त्याने ओळखीच्या वर्कशॉपमध्ये ॲल्युमिनियमचे ठोकळे करून आणले. हँडल ज्या पकडीत बसतं तिच्याखाली ते घालायचे, म्हणजे हँडल वर उठतं आणि थोडं मागे येतं. ऐकायला सोपं आहे. पण हँडल उचललं की त्याला बांधलेलं सगळंच ताणलं जातं, क्लचची केबल, ॲक्सिलरेटरची केबल, वायरी. पहिल्या खेपेला हे आमच्या लक्षात आलं नाही. मी माझ्या सोसायटीच्या फाटकात गाडी वळवली, तर हँडल वळताच केबल ओढली गेली आणि इंजिन आपोआप असं गरजलं की वॉचमन खुर्चीसकट मागे सरकला. मी घाबरून गाडी बंद केली. विलास मात्र फाटकाला टेकून पोट धरून हसत होता. "प्लॅनिंग, केबल लिहायची राहिली का रे यादीत?" मग लांब केबली आणल्या, त्यांचा रस्ता बदलला, क्लच आणि ब्रेकचे लिव्हर थोडे खाली फिरवले म्हणजे मनगट सरळ राहील, हँडलच्या टोकांना वजनं लावली म्हणजे हादरे बोटांपर्यंत येणार नाहीत, मुठींवर जाड फोम चढवला. त्यानंतरच्या महिन्यात नामपूरला पोचलो तेव्हा बोटं जिवंत होती. आक्का दारात उभी होती. आम्हाला बघून तिने कपाळावर हात मारला, "काय रे, आज दोन्ही नवरदेवसारखा ताठ बशीसन उनात!" दोघेही नवरदेवासारखे ताठ बसून आलात म्हणे. विलासने दोन्ही हात वर करून बोटं हलवून दाखवली. लहान मूल दाखवतं तशी.

हे मी सविस्तर सांगतोय, कारण तेव्हा तो उपाय खरोखर लागू पडला होता. ते आमच्या डोक्यात कायमचं बसलं.

पुढे कारखान्यातल्या कितीतरी जणांची हँडलं त्याने अशी बसवून दिली. रविवारी त्याच्या पार्किंगमध्ये रांग असायची. प्रत्येकाला तेच, पाठ ताठ, डोळे मिट, हात सोड. मी बाजूला उभा राहून सीटपासून हातापर्यंत टेप लावायचो. बरीच वर्षं अशी गेली. आमचे केस पांढरे झाले, त्याची मुलगी नोकरीला परगावी गेली, आणि निवृत्तीनंतर कुठे-कुठे जायचं याची माझी यादी तयार होती. ती ऐकून तो म्हणायचा, "आधी नामपूर लिही. बाकीचं मागनं."

त्याची तक्रार सुरू झाली ती क्लचपासून. म्हणाला, क्लच कडक झालाय. केबल बदलली. तरी कडक. आतल्या प्लेटा बदलल्या, लिव्हर बदलला. मी त्याची गाडी चालवून बघितली, मला क्लच मऊ लागला. तसं सांगितलं तर म्हणाला, "तुझे हात कारकुनाचे, तुला काय कळणार." मग त्याला वाटलं हँडल लांब पडतंय. पुन्हा स्टँडवर गाडी, पुन्हा डोळे मिटले, हात सोडले. आणि खरंच, हात आधीच्या खुणेच्या अलीकडे पडले. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि आम्हाला समाधान वाटलं. दुखणं सापडलं होतं. माणसाचं वय वाढतं, शरीर आखडतं, माप बदलतं, हँडल मागे घ्यायचं. त्याने मागे वळलेलं नवीन हँडल आणून बसवलं. महिनाभर बरं वाटलं. मग पुन्हा डावा हात दमायला लागला. पुन्हा स्टँड, पुन्हा डोळे मिटून हात सोडणं, आणि हात आणखी अलीकडे. आम्ही ठोकळे बदलले, जाड मुठी लावल्या, क्लचला जोर कमी लागावा म्हणून त्याची पट्टी लांब करून घेतली. प्रत्येक वेळी हँडल त्याच्याकडे थोडं सरकायचं, आणि प्रत्येक वेळी त्याचे हात त्याच्याही अलीकडे पडायचे. सोसायटीतले लोक चेष्टा करायला लागले, दूधवाल्याच्या सायकलीचं हँडल बसवलंत का विलासराव? तो म्हणायचा, "दूध पण चालू करतो, रतीब लावा."

आजार हँडलमध्ये शोधणारी आमच्यासारखी माणसं दुसरी नसतील. एखाद्या शिक्षकाचा हात दमला असता तर तो आधी डॉक्टरकडे गेला असता. आम्ही वर्कशॉपमध्ये गेलो.

नामपूरची शेवटची फेरी मला स्वच्छ आठवते. घाटात तो मागे पडला. असं कधी झालं नव्हतं. मी वर जाऊन थांबलो. तो आला, हेल्मेट न काढता म्हणाला, "दम खाऊ दे." गियर बदलताना त्याला डावा हात मुठीवरून उचलून पूर्ण बोटांनी क्लच ओढावा लागत होता, जसं आपण विहिरीचा दोर ओढतो तसं. दुपारी आक्काने बाजरीची भाकरी आणि वांग्याचं भरीत वाढलं. विलास भाकरी मोडायला गेला आणि ती मोडेना. कडक नव्हती, तव्यावरून नुकती उतरलेली. त्याने ती ताटाच्या कडेवर दाबली, दोन्ही हात लावले. आक्का चुलीपुढून बघत होती.

"काय रे भाऊ, भाकर मोडाले बी जमी नई ऱ्हायनं? हातले काय व्हयनं?"

"काही नई आक्का. क्लच कडक शे. हँडल बदलनं शे."

"भाकरले बी क्लच ऱ्हास का?"

मी हसलो. विलासही हसला. आक्का हसली नाही. तिने त्याचं ताट ओढून घेतलं, भाकरी बारीक चुरली, त्यावर भरीत घातलं आणि ताट परत त्याच्यापुढे सरकवलं. मग त्याचा डावा हात उलटा करून बघितला. अंगठ्याखाली तळहाताला मांसाचा जो उंचवटा असतो, तो तिथे नव्हता. सपाट होतं. दंडाचं कातडं आतून आपोआप फडफडत होतं, जणू खाली काहीतरी वळवळतंय. "दवाखानामा जाय," ती म्हणाली, आणि उठून पाणी आणायला गेली. परत येताना मी त्याच्या मागेच होतो, पण आता मी पाठ बघत नव्हतो. डावं कोपर बघत होतो. ते प्रत्येक गियरला बाहेर उडायचं.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण ते तसंच झालं. तपासण्या झाल्या, सुया टोचून स्नायूंची परीक्षा झाली, आणि मेंदूकडून स्नायूंकडे निरोप नेणाऱ्या नसा मरत जाण्याचा तो आजार आहे असं निदान झालं. डॉक्टर तरुण होत्या, शांतपणे बोलल्या. औषध आहे का, नाही. थांबतं का, नाही. मी सवयीने विचारलं, "आधी आलो असतो तर? आम्ही बरेच महिने भलतंच करत बसलो होतो." त्या म्हणाल्या, "नाही. आधी आला असतात तरी याच वाटेने गेलं असतं." त्यांना वाटलं असेल की त्यामुळे मला बरं वाटेल. खरं तर मला तिथे काहीतरी चूक सापडायला हवी होती. चूक सापडली की ती पुढच्या खेपेला टाळता येते. इथे काहीच सापडलं नाही. आम्ही हँडल बदललं काय, न बदललं काय, दोन्हीला अर्थ नव्हता. बाहेर आल्यावर विलास पायऱ्यांवर थांबला. म्हणाला, "प्लॅनिंग, एकदा नामपूरला जाऊन येऊ. मी चालवणार. मागं बसून नाही. चारचाकीत नाही. मी चालवणार." मी म्हणालो, जाऊ. त्याला दुसरं काहीच नको होतं. शेवटपर्यंत दुसरं काही त्याने मागितलंच नाही.

मग मी कामाला लागलो. क्लच पकडायची गरजच पडू नये असं काही करता येतं का, शोधलं. गियर नसलेली स्कूटर आणू म्हटलं, तर त्याने नुसतं माझ्याकडे बघितलं. सगळ्यात जास्त मागे वळलेलं हँडल शोधून आणलं. रविवारी सकाळी त्याला गाडीवर बसवलं. तोपर्यंत उजवा हातही सुटत चालला होता, पाय अजून बरे होते. वहिनी बाल्कनीतून बघत होत्या. त्याने पाठ ताठ केली, डोळे मिटले. हात त्याला स्वतः उचलता येईनात, म्हणून मी ते उचलून धरले. "सोड," तो म्हणाला. मी सोडले.

ते सरळ खाली, त्याच्या मांड्यांवर पडले.

त्याने डोळे उघडले, खाली बघितलं. मीही बघितलं. माझ्या हातात टेप होती, मी ती गुंडाळून खिशात ठेवली. मांडीवर हँडल बसवता येत नाही. हा साधा हिशेब दोघांनाही एकाच वेळी कळला. तो म्हणाला, "बसव तरी. आणलंयस तर बसव." मी ते बसवलं. मुठी जवळजवळ त्याच्या पोटाला लागत होत्या.

त्या हँडलमुळेच मला एक कल्पना सुचली. मुठी इतक्या मागे आल्या होत्या की मागच्या सीटवर बसलेला माणूसही, पुढच्याच्या काखेखालून हात घालून, त्या धरू शकत होता. गियर आणि मागचा ब्रेक विलासच्या पायात, क्लच आणि ॲक्सिलरेटर माझ्या हातात. नामपूर नाही, पण सुट्टीच्या दिवशी सातपूरच्या कारखान्यांमधले रस्ते रिकामे असतात, तिथे एक फेरी. मी सगळं ठरवलं, कोणता रस्ता, कुठून वळायचं, वहिनी कुठे उभ्या राहतील. त्याला सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला. वहिनींनी त्याला जुना जाड शर्ट घातला, नामपूरला जाताना घालायचा तोच. आमच्याच कारखान्याच्या बंद फाटकापासून सुरुवात केली. मी मागून त्याला जवळजवळ मिठी मारून बसलो होतो. त्याचे हात मी मुठींवर ठेवले आणि वरून माझे.

"गियर टाकतो," तो म्हणाला. तेव्हा बोलणं जड झालं होतं, पण कळायचं. "क्लच हळू सोड रे. झटका देऊ नको. बायको मागं नाही, पुढं मी आहे."

गाडी निघाली. पहिला गियर, मग त्याने दुसरा टाकला. दोन्ही बाजूंना बंद शटर, कडेला उभे ट्रक, कडुनिंबाची सावली. तो हसला, मोठ्याने. मला त्याचा चेहरा दिसत नव्हता, नेहमीसारखी पाठच होती, पण ती आता माझ्या छातीला टेकलेली होती आणि तिची हाडं लागत होती. टोकाच्या चौकातून मी गाडी वळवली. परत येताना तो मान खाली घालून मुठींकडे बघत होता. वहिनी दिसायला लागल्या, पाण्याची बाटली घेऊन उभ्या. त्या हात हलवत होत्या. तेव्हा तो म्हणाला, "थांबव."

मी थांबवली.

"हे मी नाही चालवत," तो म्हणाला. "तू चालवतोयस. माझ्या हाताला मूठ लागतच नाहीये. मी पेटी आहे. मागं बांधतात ना लोक, तशी तू पुढं बांधलीस."

मी काहीतरी म्हणालो. पाय तर तुझेच होते, गियर तूच टाकलास, असं काहीतरी. तो म्हणाला, "उतरव." वहिनी धावत आल्या. आम्ही दोघांनी त्याला उतरवलं. वहिनींनी बाटली त्याच्या तोंडाला लावली, पाणी शर्टावर सांडलं. त्यानंतर तो पार्किंगमध्ये कधी आला नाही, आणि नामपूरचं नाव त्याने काढलं नाही.

त्यापुढे जे झालं ते सगळं घरात, एका खोलीत झालं. पलंग आणला, तो त्याच्या मापाने उंच केला. त्याच्या गाडीच्या जुन्या फोमच्या मुठी कापून मी चमच्याच्या दांड्यावर चढवल्या, म्हणजे त्याला धरता येईल. काही आठवडे धरला. मग भरवावं लागलं. मग गिळता येईना, पोटात नळी आली आणि चमच्याचं कामच संपलं. मग बोलणं गेलं. उरले डोळे. वर म्हणजे हो, खाली म्हणजे नाही. आक्का एकदा येऊन राहिली. ती त्याच्याशी नामपूरच्या बाजाराचं, कांद्याचं, शेजाऱ्यांच्या भांडणाचं अहिराणीतून तासन्‌तास बोलायची. तो ऐकायचा. ती गेल्यावर मी विचारलं, "आक्काला परत बोलवू?" डोळे खाली.

शेवटची भेट गुरुवारी संध्याकाळी झाली. तो अस्वस्थ दिसत होता. वहिनी म्हणाल्या, दुपारपासून असंच आहे, काय टोचतंय कळत नाही. मी हे काम चांगलं करतो. क्रमाने सुरू केलं. डाव्या हाताखाली उशी घातली, विचारलं, बरोबर? डोळे खाली. उशी काढून टॉवेलची घडी ठेवली. डोळे खाली. पलंगाची पाठ थोडी उचलली, मग थोडी खाली घेतली. मानेचा आधार बदलला. गुडघ्याखाली तक्क्या. कुशीवर वळवलं, परत सरळ केलं. प्रत्येक वेळी विचारत होतो आणि प्रत्येक वेळी डोळे खाली. शेवटी मी थांबलो. म्हणालो, "विलास, कुठंच बरोबर नाही का रे?"

त्याने डोळे वर केले.

मी तसाच पलंगाच्या कडेवर बसून राहिलो. त्यानंतरचा रविवार म्हणजे पेट्रोल पंपावरचा फोन...

भेटायला येणारे म्हणतात, सुटला बिचारा. मी मान हलवतो, वाद घालत नाही. पण त्याला सुटायचं नव्हतं. त्याला नामपूरला जायचं होतं.

दिवसकार्याला आक्का आली होती. सगळं आटोपल्यावर ती एकटीच खाली पार्किंगमध्ये गेली. मी मागून गेलो. कापड बाजूला करून ती गाडीशी उभी होती. म्हातारीने दोन्ही मुठींना हात लावून बघितला, त्या सीटच्या किती जवळ आल्यात ते बघितलं. "इतलं जोडे आनं," ती म्हणाली, "तरी हातले लागनं नई." इतकं जवळ आणलं, तरी हाताला लागलं नाही. मग मला म्हणाली, "गाडी इकू नको. तुन्हाजोडे ऱ्हाऊ दे." वहिनींनाही ती गाडी तिथे बघवत नव्हती. मी ती माझ्याकडे आणली. अंतर फार नाही, पण त्या हँडलवर तेवढंही धड चालवता येत नाही. कोपरं बरगड्यांच्या मागे जातात, वळताना मूठ पोटात रुतते. आरामासाठी बदलत-बदलत आम्ही अशी गाडी केली होती, जिच्यावर जगातलं कुणीही आरामात बसू शकणार नाही.

तिचं मूळ हँडल माझ्या माळ्यावर आहे, पोत्यात गुंडाळून. पहिले ठोकळेही आहेत. मी काही टाकत नाही. गेल्या रविवारी ठरवलं की पूर्ववत करून टाकू, गाडी उभी राहून खराब होते. पाने काढून क्रमाने फरशीवर मांडले, केबली मांडल्या, गाडी डबल स्टँडवर घेतली. सुरुवात कुठून करायची ते माहीत होतं, म्हणून आधी वर बसलो. पाठ ताठ केली, डोळे मिटले, हात उचलले आणि सोडले. ते पुढे पडले, मुठींच्या बरेच पुढे. तिथे काही नव्हतं. माझे हात हवेत तसेच थांबले आणि बाजूला उभं राहून "बघ, येड्या" म्हणणारं कुणी नव्हतं.

अर्ध्या तासाचं काम होतं. हँडल माझ्या मापाला आलं असतं आणि मग ती कुणाचीही गाडी झाली असती. डोळे न उघडता मी हात मागे घेतले आणि मांड्यांवर ठेवले, त्याचे पडले होते तिथे. तसाच बसलो. बऱ्याच वेळाने उतरलो, पाने पेटीत भरले आणि गाडीवर कापड टाकलं.